बॅटरी नवी, तरी नुसतं ‘खट्ट’

गुहागरला आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. श्रावणातल्या एका सकाळी गाडीची चावी फिरवली तर नुसतं ‘खट्ट’. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, फिरेना. शेजारच्या काकांनी पडवीतूनच निकाल दिला, “अरे, बॅटरी बसली तुझी!” पण बॅटरी जेमतेम चार महिन्यांची, आणि हेडलाइट तर झकास लागत होते.

दिवे लागतात पण सेल्फ फिरत नाही, यात विसंगती काही नाही. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर घेतात. सेल्फची मोटर इंजिन फिरवताना सहज १५० ओढते. समजा, वाटेतल्या जोडावर गंजामुळे अवघा ०.०२ ओहम रोध आला. १० अँपिअरला तिथे ०.२ व्होल्ट जातील, दिव्याला पत्ताही लागणार नाही. १५० अँपिअरला मात्र ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतील. शिवाय सेल्फचा करंट बॅटरीकडे परततो तो इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीतून; तिच्याशी हेडलाइटचा सहसा संबंधच नसतो.

आणि गंजाला आपल्याकडे काय तोटा! हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. बॉनेटखाली बसलेला खारा थर पावसाळाभर असाच ओला राहतो. दोन वेगळे धातू जिथे भिडतात, तिथे त्या ओलीचा चिमुकला विद्युतघट होतो आणि एक धातू झिजत जातो.

मल्टिमीटर बॅटरीला लावला, १२.६ व्होल्ट. म्हणजे भरलेली. पण हे मोजमाप निवांत बसलेल्या बॅटरीचं. जोडात वाया जाणारे व्होल्ट करंट वाहतानाच दिसतात. म्हणून गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि काकांना चावीवर बसवलं. सेल्फ मारताना बॅटरी ११ च्या वर टिकली, ९.६ च्या खाली घसरली असती तर काका बरोबर ठरले असते. (‘खटखटखट’ अशी माळ लागली असती, तरी मी आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनलच पाहिले असते.) मग काळी पिन बॅटरीच्या ऋण खांबावर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. मीटरने २.८ दाखवले.

अर्थिंगची पट्टी वरून धड दिसत होती. तारा जिथे चेपून बसवतात ते टोक वाकवलं, तर आतून हिरवी पूड गळली. घासण्यात अर्थ नव्हता. नवी पट्टी घातली, पुन्हा मोजलं: ०.२.