टाइमकोडची डबी लावूनही क्लिप जुळत नाहीत, तेव्हा

आमच्याकडून दोन किंवा अधिक कॅमेरे भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांचा शूटिंग आटोपल्यावर एडिट टेबलवरून फोन येतो, की टाइमकोडच्या डब्या (सर्व कॅमेऱ्यांना एकच वेळ देणारी छोटी यंत्रे) तर लावल्या होत्या, मग क्लिप जुळत का नाहीत? परत आलेल्या डब्या आम्ही तपासतो तेव्हा त्या व्यवस्थित असतात. चूक बहुतेक वेळा फ्रेम रेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रे) टिपायच्या त्या आकड्यात सापडते.

डबी कॅमेऱ्याचा वेग बदलत नाही. ती केवळ तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेमचे आकडे, म्हणजेच टाइमकोड पुरवते. एक कॅमेरा २४ वर आणि दुसरा २३.९७६ वर असला, तरी दोघांचे फ्रेमचे आकडे ०० ते २३ असेच धावतात, त्यामुळे मॉनिटर शेजारी-शेजारी ठेवूनही प्रथमदर्शनी काही कळत नाही. प्रत्यक्षात २३.९७६ चे घड्याळ तासाला ३.६ सेकंद मागे पडते. ठाण्याजवळच्या येऊरला सकाळी नऊ वाजता जॅम केलेले, म्हणजे डबीवरून वेळ जुळवलेले, असे दोन कॅमेरे जेवणाच्या सुट्टीपर्यंत चौदा सेकंदांहून अधिक दूर गेलेले असतात. दहा मिनिटांच्या एका टेकमध्ये एकाकडे १४,४०० फ्रेम भरतात, तर दुसऱ्याकडे सुमारे १४,३८६; मग संकलकाला प्रत्येक क्लिप ओठ पाहून हाताने सरकवावी लागते.

हा घोटाळा सहसा स्लो मोशनच्या शॉटनंतर होतो, कारण घाईत परत येताना मेनूतला शेजारचाच आकडा निवडला जातो. त्यातच काही लहान कॅमेऱ्यांच्या मेनूत नुसते '२४पी' लिहिलेले असते आणि आत मात्र २३.९७६ चालू असते. म्हणून संकलकाला आधी विचारून ठरलेला आकडा दशांशासह प्रत्येक कॅमेऱ्यावर, डबीवर आणि साउंड रेकॉर्डरवर टेप लावून लिहावा, आणि मेनूला हात लावण्यापूर्वी आमच्या अटेंडंटला सांगावे. तो त्यासाठीच सोबत येतो.

सकाळी एकदा जॅम करून डबी काढून ठेवली तर भाडे वाचेल, असे अनेक जण सुचवतात. सगळ्याच कॅमेऱ्यांचे आतले घड्याळ तितके काटेकोर नसते, आणि काहींचे बॅटरी बदलताच बिनसते. आमच्या डब्या दिवसभर एका फ्रेमच्या आत राहतात, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यामागे एक डबी हा आमचा आग्रह आहे.

टाइमकोडचे वेगळे सॉकेट नसलेल्या कॅमेऱ्यांत तो माइकच्या जॅकमधून एका ऑडिओ चॅनेलवर जातो. तेथील कर्कश खरखर हाच टाइमकोड असल्याने, आवाज खराब समजून तो चॅनेल पुसू नये. एका ग्राहकाच्या संकलकाने तसे केल्यावर पूर्ण दिवसाचे काम पुन्हा करावे लागले होते.

आदल्या संध्याकाळी सर्व कॅमेरे आणि रेकॉर्डर आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातील कार्यालयात आणल्यास आम्ही ते जुळवून दहा मिनिटांची चाचणी क्लिप काढून देतो. रेकॉर्डर दुसरीकडून घेतलेला असला तरी याचे वेगळे पैसे आकारले जात नाहीत.