चीनमध्ये महापौर मोठा की पार्टी सेक्रेटरी?

चीनच्या बातम्या वाचताना हा गोंधळ हमखास होतो. कधी 'शांघायचे महापौर' असं येतं, कधी 'शांघायचे पार्टी सेक्रेटरी', आणि आपण दोघांना एकच समजून पुढे जातो, नाहीतर वाटतं की सेक्रेटरी म्हणजे पक्षाच्या ऑफिसात फाइली सांभाळणारा कोणीतरी असेल. आहे नेमकं उलटं. शहराचा खरा बॉस कम्युनिस्ट पक्षाचा सेक्रेटरी, महापौर दोन नंबरला. महापौर सहसा त्याच शहराच्या पार्टी कमिटीत डेप्युटी सेक्रेटरी असतो, त्यामुळे पक्षाच्या मीटिंगमध्ये तो ज्युनियरच. प्रांतातही तेच, गव्हर्नर खाली आणि प्रांताचा सेक्रेटरी वर.

पण लगेच मुंबईसारखं समजू नका, की महापौर शोभेपुरता आणि कारभार आयुक्ताकडे. चिनी महापौर शोभेचा अजिबात नाही. बजेट, रस्ते, जमिनी, गुंतवणूक, रोजचा सगळा रगाडा तोच ओढतो. फक्त कोणाला कुठल्या पोस्टवर बसवायचं आणि मोठ्या निर्णयात शेवटचा शब्द कोणाचा, तर तो सेक्रेटरीचा. कागदावर महापौराला शहराची पीपल्स काँग्रेस, म्हणजे तिथलं प्रतिनिधीगृह, निवडते आणि सेक्रेटरीला वरची पार्टी कमिटी बसवते, नाव मात्र दोघांचंही पक्षातच ठरतं.

सगळ्यात उघडपणे हे दिसलं २०२० मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, वुहानला. २७ जानेवारीला महापौर झोऊ शियानवांग सरकारी टीव्हीवर मास्क लावून बसले आणि म्हणाले की आपण लोकल सरकार, माहिती हातात आली तरी परवानगी मिळाल्याशिवाय जाहीर करता येत नाही. एवढ्या मोठ्या शहराचा महापौर कॅमेऱ्यासमोर हे बोलतो म्हणजे बघा! सोबत राजीनाम्याची तयारीही दाखवली. पण १३ फेब्रुवारीला खुर्ची गेली ती वुहानचे सेक्रेटरी मा गुओचियांग आणि हुबेई प्रांताचे सेक्रेटरी जियांग चाओलियांग यांची, झोऊ तेव्हा महापौरपदावरच राहिले. पॉवर ज्याच्याकडे, गदाही त्याच्यावरच, हा हिशोब निदान सरळ आहे.

बढतीतही तसंच. २०२२ च्या शांघाय लॉकडाऊनमध्ये लोक वैतागले होते, तेव्हा सेक्रेटरी होते ली चियांग. ते मार्च २०२३ मध्ये थेट देशाचे प्रीमियर, म्हणजे पंतप्रधान झाले, महापौर गोंग झेंग शांघायलाच राहिले.

तिबेटमध्ये तर या दोन खुर्च्यांचा अर्थ अजूनच बोचरा होतो. स्वायत्त प्रदेशाचा चेअरमन, म्हणजे तिथला गव्हर्नर, तिथल्याच समाजाचा असावा असा कायदा आहे, म्हणून चेअरमन तिबेटी असतो. सेक्रेटरीसाठी असा नियम नाही, आणि १९६५ पासून एकही तिबेटी माणूस तिथे सेक्रेटरी झालेला नाही. हू जिंताओ १९८८ मध्ये तिथे सेक्रेटरी म्हणून गेले, पुढे देशाचे सर्वोच्च नेते झाले.

आणि दिल्लीत, न्यूयॉर्कमध्ये ज्यांना 'प्रेसिडेंट शी' म्हणतात त्यांचीही गोष्ट हीच. पक्षाचे जनरल सेक्रेटरी, म्हणजे देशभरातल्या पक्षाचे प्रमुख, ते नोव्हेंबर २०१२ मध्ये झाले, राष्ट्राध्यक्ष मार्च २०१३ मध्ये. २०१८ ला दोन टर्मची मर्यादा काढली म्हणून जगभर गाजावाजा झाला, ती होती राष्ट्राध्यक्षपदाची. जनरल सेक्रेटरीच्या पदाला पक्षाच्या घटनेत अशी मर्यादा आधीही नव्हती.