"औषध किती वर्षं टिकेल?" या प्रश्नाबद्दल थोडं

(पेस्ट कंट्रोलच्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

वाळवीचं काम बघायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: "एकदा मारलं की किती वर्षं बघायला नको?" प्रश्न रास्तच आहे, पैसे तुमचे जाणार असतात. पण याच प्रश्नाच्या मागे लागून आमच्या धंद्याने एके काळी मोठी चूक करून ठेवली आहे.

डीडीटीने कीटक मरतात हे पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये दाखवलं आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भिंतीवर एकदा फवारलं की महिनोन्‌महिने असर उतरत नाही, याचंच तेव्हा सगळ्यांना कौतुक होतं. पाठोपाठ आल्ड्रिन, डायल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर आली आणि घरांच्या पायात ओतली गेली. वाळवी खरोखरच येईनाशी झाली. मात्र औषध पायात थांबलं नाही. त्याची वाफ फरशीच्या फटींतून वर येत राहिली. क्लोर्डेन मारलेल्या घरांच्या हवेत ते कित्येक वर्षांनंतरही सापडलेलं आहे.

अशा रसायनांना टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकं म्हणतात. इथल्या 'सेंद्रिय' शब्दाने गडबडू नका. सेंद्रिय भाजीशी त्याचा संबंध नाही. कार्बनची संयुगं एवढाच त्याचा अर्थ. यांतली बहुतेक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र चटकन मुरतात. त्यामुळे लघवीवाटे निघून जाणं नाही, साठत राहणं आहे. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत कणभर, त्यांना खाणाऱ्या लहान माशात त्याहून जास्त, मोठ्या माशात आणखी जास्त, आणि या साखळीच्या टोकाला आपण बसलेलो. जिथे ना शेती ना कारखाने, त्या उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातल्या इन्युइट आयांच्या दुधातही पीसीबी (पूर्वी विजेच्या यंत्रांच्या तेलात वापरली जाणारी क्लोरीनयुक्त रसायनं) आढळले, कारण सील आणि व्हेल यांची चरबी त्यांच्या आहारात असते. (म्हणून बाळाला पाजणं थांबवू नका, आईचं दूधच द्यावं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला कायम आहे.) डायॉक्सिनं म्हणजे जळताना किंवा कारखान्यांत नकळत तयार होणारी याच जातीची रसायनं. त्यांपैकी सर्वांत विषारी टीसीडीडी. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ७ ते ११ वर्षं लागतात.

मोठ्या मात्रेचं काय होतं हे जपानने १९६८ मध्ये पाहिलं. तांदळाच्या कोंड्याचं तेल तयार करताना यंत्रातलं पीसीबी त्यात गळलं. ते तेल खाणाऱ्यांच्या अंगावर मुरुमांसारखे फोड उठले, डोळ्यांतून स्राव येऊ लागला, काही बाळं काळवंडलेल्या कातडीची जन्मली. थोड्या मात्रेचा त्रास असा उघड दिसत नाही. थायरॉइड आणि इतर संप्रेरकं, प्रतिकारशक्ती, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ यांवर तो हळूहळू होतो. टीसीडीडी, पीसीबी आणि लिंडेन यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. लिंडेन म्हणजे तेच, जे उवा आणि खरजेवर डोक्याला, अंगाला चोळलं जायचं. तरीही अमक्याचा आजार तमक्या फवारणीमुळेच झाला, असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर तेही लगेच मानू नका.

अशा टिकाऊ रसायनांवर बंदी किंवा बंधनं घालणाऱ्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात सुरुवातीला १२ रसायनं होती. आता यादी तिशीपार गेली आहे. शेतात फवारलं जाणारं एन्डोसल्फान २०११ मध्ये यादीत आलं. आमच्या धंद्यात वाळवीसाठी सर्रास वापरलं गेलेलं क्लोरपायरिफॉसही २०२५ मध्ये, काही सवलती ठेवून, त्यात घेतलं गेलं.

मग आम्ही काय वापरतो? झुरळांसाठी जेल. बिजागरीच्या मागे, सिंकखालच्या फटीत, मुगाच्या दाण्याहूनही लहान थेंब. झुरळ तो खाऊन बिळात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीची मरतात. यावर तुम्ही बाजारचा स्प्रे मारलात की झुरळं जेलकडे फिरकत नाहीत आणि आमची मेहनत पाण्यात. वाळवीसाठी घराभोवती आमिषाच्या डब्या पुरतो. कामकरी वाळवी हेक्साफ्लुम्युरॉन घातलेलं आमिष खाते आणि तोंडातून तोंडात वारुळातल्या बाकीच्यांना भरवते. या औषधाने वाळवीला कात टाकता येत नाही, आणि वारूळ आतून संपत जातं. याला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. "चार दिवस झाले, अजून दिसतेय" असा फोन येतोच. तेव्हा जरा दम धरा. घरातल्या लाकडाला बोरेट (बोरॉनचा क्षार) लावतो. पावसात ते धुऊन जातं, म्हणून बाहेर नाही. ढेकणांना उष्णता पुरते: चादरी, अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवा, गादीच्या शिवणी आम्ही गरम वाफेने काढतो. आणि गळका नळ आधी दुरुस्त करून घ्या. ओल राहिली तर कुठलंच औषध पुरणार नाही.

यातलं काहीही निर्धोक नाही, हेही सांगायला हवं. काही जेलमधलं फिप्रोनिल मधमाश्यांना मारक आहे, म्हणून ते फटीबाहेर लावायचं नाही. फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम 'नैसर्गिक' असलं तरी माशांना मारतं. घरात मत्स्यपेटी असेल तर आधी कळवा.

माळ्यावर जुना डबा किंवा पुडी सापडली तर उघडून वास घेऊ नका, मोरीत ओतू नका, आणि जाळू तर अजिबात नका: क्लोरीन असलेलं प्लास्टिक किंवा रसायन उघड्यावर जाळलं की डायॉक्सिनं तयार होतात. झाकणाच्या मोठ्या डब्यात उभं ठेवा, वर 'विष' लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या. लेबल वाचता येत असेल तर फोटो पाठवा, आत काय असावं ते आम्ही सांगू. घरात पूर्वी जुनं औषध मारलेलं असेल तर फरशीच्या फटी बुजवा, हवा खेळती ठेवा आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, कारण ही रसायनं धुळीला चिकटून असतात.

काम आमच्याकडून करून घ्या की आणखी कुणाकडून, बिलावर औषधाच्या ब्रँडबरोबर त्यातल्या मूळ रसायनाचं नाव आणि प्रमाण लिहून मागा. लिहून द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर त्याला फवारणीचा पंप दारातच ठेवायला सांगा.