चवथीला घर उघडलं आणि मांजराचा वास आला, तर...

आम्ही घरात मुरलेला मांजराचा वास काढून देतो. चवथ (गणेश चतुर्थी) पंधरा दिवसांवर आली की आमचा फोन सारखा वाजायला लागतो. मूळ घर वर्षभर बंद. सरकलेल्या कौलातून बोका माळ्यावर उतरलेला, माळ्यावरून खाली, आणि देवाच्या खोलीचं दार उघडताच नाकाला झोंबणारा वास. बहुतेक जण एकच वाक्य बोलतात : "मे महिन्यात आलो होतो, तेव्हा तर काहीच नव्हतं."

होतं. सुकलेलं होतं, एवढंच.

पावसात वास का उठतो

मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. शरीरातलं पाणी राखून ठेवायची सवय त्याच्या मूत्रपिंडांना आहे, म्हणून त्याची लघवी फार घट्ट असते. तिच्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. डोळ्यांना झोंबतो तो हाच. शिवाय मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं. ते हळूहळू फुटतं आणि त्यातून तो खास 'बोक्याचा' दर्प सुटतो. नसबंदी न झालेल्या बोक्यात ते सर्वांत जास्त.

पाणी उडून गेलं तरी क्षार आणि बाकीचा गाळ जमिनीच्या भेगांत, चिऱ्याच्या भिंतीत, लाकडात बसून राहतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की मीठ बरणीत पाझरतं. तसाच तो गाळही ओलावा ओढतो, जिवाणू पुन्हा कामाला लागतात आणि जुना डाग नव्यासारखा बोलू लागतो.

फिनाईल नको, खरंच नको

यावर आम्ही जरा जास्त बोलतो, कारण निम्मं काम इथेच बिघडतं. फिनाईलने वास झाकला जातो, जात नाही. दोन दिवसांनी दोन्ही वास एकत्र येतात, आणि ते मिश्रण काय असतं ते एकदा अनुभवलेला माणूस विसरत नाही. घरात मांजर पाळलेलं असेल तर गोष्ट आणखी गंभीर. फिनॉल जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. ते ओल्या लादीवरून चालतं, मग पंजे चाटतं. काळं फिनाईल, जखमेवरची जंतुनाशकं आणि कपाटातल्या डांबरगोळ्या, तिन्ही त्याच्यापासून दूर ठेवा.

ब्लीचिंग पावडर तर लघवीवर टाकूच नका. अमोनियाशी तिचा संयोग होऊन क्लोरामाईन हा विषारी वायू निघतो. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ती मिसळली तर क्लोरीन निघतो. बंद खोलीत दोन्ही जिवावर बेतू शकतात.

व्हिनेगरचा सल्ला सगळीकडे मिळतो. साध्या सिरॅमिक लादीवर निम्मं पाणी घालून चालेल. पण लाल कोबा, मोझॅक किंवा संगमरवर असेल तर आम्ल जमीन खातं आणि चकाकी कायमची जाते. माडाचं व्हिनेगर स्वयंपाकघरातच बरं.

मग करायचं काय

डाग ताजा असेल तर जुनं सुती कापड दाबून टिपून घ्या. घासू नका, घासल्याने तो पसरतो आणि आत जातो. मग गार पाणी, पुन्हा टिपणं. गरम पाणी किंवा वाफ नको.

जुन्या डागाला एन्झाईमचं, म्हणजे लघवीतली द्रव्यं फोडणारं, द्रावण लागतं. आधी फिनाईल मारलेलं असेल तर साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या, नाहीतर द्रावणाचा जोर जातो. लघवी जेवढी खोल गेली तेवढंच द्रावण खोल जायला हवं. वरून दोन फवारे मारून उपयोग नाही. जागा चांगली भिजवायची, वर प्लॅस्टिक पसरायचं, रात्रभर ठेवायचं आणि मग पंख्याखाली सुकवायचं. श्रावण-भाद्रपदात हे सुकवणंच सर्वांत कठीण, म्हणून आम्ही ओलावा शोषणारं यंत्र सोबत आणतो.

डाग शोधायला अतिनील टॉर्च लागतो. अंधारात लघवी पिवळट-हिरवट चमकते. पण साबणाचे डागही चमकतात, त्यामुळे शेवटचा निकाल नाकाचाच. बोका लघवी उभ्या पृष्ठभागांवर फवारतो, तेव्हा दाराच्या चौकटी, कपाटाच्या कडा आणि पलंगाचे पाय आधी बघा. मडगावकडच्या एका घरात आम्ही तासभर मांजराचा डाग शोधत होतो. शेवटी माळ्यावर वटवाघळं निघाली. त्या दिवशी आम्ही पैसे घेतले नाहीत.

कापसाची गादी आत भिजली असेल तर ती टाका किंवा कापूस काढून नवा भरा. आम्ही ती धुवायला घेत नाही. पावसात आतून सुकत नाही आणि वासाच्या जोडीला बुरशी येते.

मांजर घरचंच असेल तर

पाळलेलं मांजर अचानक रेतीच्या ट्रेबाहेर मुतू लागलं तर त्याला मारू नका. एका मांजराला रेतीचे दोन ट्रे हवेत, रोज साफ केलेले, जेवणाच्या ताटलीपासून लांब. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांचं फवारणं कमी होतं किंवा थांबतं. आणि बोका पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय, पण थेंबही येत नाही असं दिसलं तर आम्हाला नको, त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करा. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आम्ही यायच्या आदल्या दिवशी

दर जागा पाहूनच सांगतो, फोनवर नाही. कौलं सरकली असतील तर आधी ती नीट करून घ्या, नाहीतर आठवड्याने तोच बोका आमच्या कामाची पाहणी करायला येतो. आदल्या दिवशी काही पुसू नका, अगरबत्ती किंवा धूप लावू नका, आणि रात्री खिडक्या बंद ठेवा. सकाळी दार आम्हीच उघडतो. पहिल्या श्वासात जेवढं कळतं तेवढं नंतर कळत नाही.