रेशनकार्डावर नाव कुणाचं? सांगली जिल्ह्यातल्या एका जुन्या मागणीची पार्श्वभूमी

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याच्या कलम १३ नुसार रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईचं नाव लागतं. दिल्लीत हे ठरण्याच्या कितीतरी आधी विटा-खानापूर भागातल्या बायका रेशनकार्ड मागत होत्या, आणि त्यांचं मागणं या कलमाच्याही पुढचं होतं.

त्याची मुळं दुष्काळात आहेत. रोजगार हमीचा पहिला प्रयोग विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली आणि पुढे तिचा कायदा झाला. १९८२ मध्ये मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. खानापूर तालुक्यातले कामगार गावी परतले, तर गावात पुन्हा दुष्काळ. त्यांच्यातून आणि इथल्या कष्टकऱ्यांतून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. रोजगार हमीवर खडी फोडायचं काम मिळालं म्हणून ती गप्प बसली नाही. दुष्काळ हटवायचा कसा, हेच तिने विचारायला घेतलं. येरळा नदीवरचं बळीराजा स्मृती धरण हे त्याचं फळ. तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून पैसा उभा केला, श्रमदान केलं. पाण्यात भूमिहीनांनाही वाटा द्यायचा आणि त्यावर ऊस घ्यायचा नाही, असं ठरलं. माझ्या मते हे सरळसरळ अन्नधोरण होतं, आणि ते गावाने ठरवलं होतं.

याच वातावरणात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ वाढली. ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळापासून लढणाऱ्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर तिच्यात होत्या. नवऱ्याने टाकलेल्या बायका संघटित झाल्या आणि त्यांनी घर, जमीन यांच्यासोबत स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं. टाकलेल्या बाईचं नाव सासरच्या कार्डावरच राहतं. नवं कार्ड काढायचं तर नाव कमी केल्याचा दाखला लागतो आणि जुनं कार्ड असतं नवऱ्याच्या ताब्यात. माहेरी भावाच्या कार्डावर नाव चढवलं तर धान्य येतं, पण ती भावाच्या घरातली आश्रितच राहते. कलम १३ कुटुंबातल्या बाईला प्रमुख करतं. एकटी बाई हेच एक कुटुंब आहे, हे मात्र तिला अजूनही प्रत्येक टेबलावर पटवून द्यावं लागतं.

सांगली शहरात हाच प्रश्न वेगळ्या वस्तीतून पुढे आला. १९९२ पासून एचआयव्हीवर काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेने निरोध वाटण्याचं आणि माहिती देण्याचं काम वेश्या व्यवसायातल्या बायकांच्याच हाती दिलं. १९९६ मध्ये त्या बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’. अमेरिकी मदत हवी असेल तर वेश्या व्यवसायाविरोधी धोरण मान्य करा, अशी अट आली तेव्हा २००५ मध्ये संग्रामने तो पैसा नाकारला. ज्यांच्या भरवशावर काम उभं आहे त्यांच्याच विरोधात सही करायची नाही, हा निर्णय मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत धाडसाचा वाटतो.

तरी धान्याचा प्रश्न उरलाच. कोरोनाच्या टाळेबंदीत धंदा बंद पडला आणि या बायकांकडे ना कार्ड होतं ना पत्त्याचा पुरावा. देशभरातल्या अशा बायकांची ही अवस्था सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली गेली. न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ओळखीच्या पुराव्याचा आग्रह न धरता त्यांना शिधा देण्यास सांगितलं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना रेशनकार्डं देण्याचा आदेश दिला.

अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २९ मध्ये रेशन दुकानाच्या पातळीवर दक्षता समिती सांगितली आहे. तिच्यात महिला आणि निराधारांना प्रतिनिधित्व द्यायचं आहे. खानापूर तालुक्यातल्या प्रत्येक दुकानाच्या समितीत एक परित्यक्ता बाई असायला हवी, आणि नाव कमी करण्याचा अर्ज नवऱ्याच्या सहीवाचून तहसील कचेरीत घेतला जायला हवा.