हिरव्या नऊवारीचे लाल काठ गेले कुठे?

गुढीपाडव्याची शोभायात्रा झाली की पुढचे दोन-तीन दिवस ठाण्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फोटोंचा पूर येतो, आणि हल्ली त्यातले बरेचसे ब्लॅक अँड व्हाइट केलेले असतात. जांभळी नाक्यावर ढोल वाजवताना डोळे मिटलेली मुलगी, कौपिनेश्वराच्या देवळाबाहेर नातवाचा फेटा नीट करणारी आजी, तलावपाळीच्या कट्ट्यावर दमून बसलेले लेझीमवाले. सगळे न सांगता टिपलेले, म्हणजे कॅंडिड. त्यातला एखादा फोटो नजर खिळवून ठेवतो आणि बाकीचे नुसते मळकट दिसतात, आणि खाली कोणीतरी हमखास लिहितं की अरे सोपं आहे, सॅच्युरेशन झिरो कर, रंग काढून टाक, क्लासिक दिसतो.

आता हे 'रंग काढून टाक' प्रकरण मला दरवर्षी खटकतं म्हणून शेवटी लिहायला घेतलं. रंग म्हणजे फोटोवर वरून चढवलेला थर नाही की जो खरवडला की खाली ब्लॅक अँड व्हाइट फोटो सापडेल. तुमच्या फोटोच्या प्रत्येक ठिपक्यात तीन आकडे असतात, लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक 0 ते 255 मधला. ब्लॅक अँड व्हाइट करणं म्हणजे या तीन आकड्यांचा एकच आकडा करणं. तांब्याची भिंतीवर सावली पाडा, टॉर्च समोरून धरलात तर तांब्याचा आकार दिसेल, वरून धरलात तर जमिनीवर नुसता गोल. दोन्ही सावल्या खऱ्याच, पण दोन्हीत काहीतरी हरवलंय, आणि काय हरवायचं ते टॉर्च धरणाऱ्याने ठरवलंय. तुम्ही नाही ठरवलंत तर ॲप ठरवतं, एवढाच फरक.

ॲप काय ठरवतं ते बघा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आजही वापरलं जाणारं सूत्र असं आहे: लालचे 29.9 टक्के, हिरव्याचे 58.7 टक्के, निळ्याचे 11.4 टक्के, करा बेरीज. हे आकडे फोटोग्राफीतून आलेलेच नाहीत, ते टीव्हीतून आलेत. 1953 मध्ये अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाचं एनटीएससी स्टँडर्ड ठरलं तेव्हा अट अशी होती की लोकांच्या घरातल्या ब्लॅक अँड व्हाइट सेटवरही तेच प्रक्षेपण नीट दिसलं पाहिजे, म्हणून उजेडाचा सिग्नल वेगळा काढला आणि त्याला हे वजन दिलं. आपल्याकडे रंगीत टीव्हीची पाल ही दुसरी पद्धत आली पण वजनं तीच. 1982 च्या एशियाडला दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा चाळीत ज्यांच्याकडे जुना सेट होता त्यांनी अख्खा एशियाड याच सूत्रातून पाहिला. हिरव्याला एवढं झुकतं माप का, तर आपल्या डोळ्याला दिवसाच्या उजेडात 555 नॅनोमीटरच्या (हे प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं माप, आकडा बदलला की रंग बदलतो) आसपासचा पिवळट हिरवा सगळ्यात तेजस्वी वाटतो आणि निळा ओळखणाऱ्या शंकूपेशी डोळ्यात मुळातच फार थोड्या असतात. म्हणजे सूत्र चुकीचं नाही, पण ते सरासरी दृश्यासाठी आहे, आजीच्या चेहऱ्यासाठी नाही.

आता आजीची साडी घ्या. हिरवी नऊवारी, समजा तिच्या एका ठिपक्याचे आकडे लाल 40, हिरवा 110, निळा 60. काठ लाल, त्याचे 180, 40, 50. वरच्या सूत्रात घाला, कॅल्क्युलेटर काढून करा हवं तर, साडी येते 83 आणि काठ पण येतो 83. गेले काठ! डोळ्याला उठून दिसणारे, एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध रंग, आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दोघं एकच राखाडी. याउलट फक्त लाल आकडा घेतला तर साडी 40 आणि काठ 180, म्हणजे काळ्या साडीला पांढरट काठ. फक्त हिरवा घेतला तर 110 आणि 40, म्हणजे फिक्या साडीला काळे काठ. एकच फोटो, एकच साडी. यातलं खरं कुठलं असं विचारू नका, कारण साडी राखाडी नव्हतीच.

भगव्या फेट्याचं तर याहून वाईट. फेटा 240, 120, 30 आणि खालचा गव्हाळ चेहरा 190, 140, 110 धरला तर सूत्राने फेटा येतो 146 आणि चेहरा 152. सहाचा फरक! ढोलपथकांचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर कपाळ कुठे संपलं आणि फेटा कुठे सुरू झाला ते कळत नाही त्याचं कारण हे आहे, मग लोक कॉन्ट्रास्ट वाढवत बसतात, त्याने सावल्या काळ्याकुट्ट होतात, शर्ट पांढराफेक होतो आणि फेटा-चेहरा चिकटलेले ते चिकटलेलेच, कारण कॉन्ट्रास्टचा स्लायडर 146 ला आणि 152 ला जवळजवळ सारखंच हलवतो. त्याऐवजी लाल शून्य, हिरवा 60 टक्के, निळा 40 टक्के असं मिक्स करा, फेटा 84 वर उतरतो आणि चेहरा 128 वर राहतो, चव्वेचाळीसचा फरक पडतो आणि चेहरा लगेच पुढे येतो.

पण निळा वाढवला की त्याची किंमत कातडी मोजते, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो म्हणून जरा सविस्तर.

मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट दाबून धरा, अंधारात. बोट लाल दिसतं. टॉर्चमधून तर पांढरा उजेड निघतोय, मग हिरवा आणि निळा गेला कुठे? रक्तातल्या हिमोग्लोबिनने खाल्ला. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन 415 नॅनोमीटरजवळ जांभळा-निळा प्रकाश जबरदस्त शोषतं, मग 540 आणि 577 नॅनोमीटरला हिरव्या-पिवळ्यात पुन्हा दोन शिखरं, आणि 600 च्या पुढे त्याचं शोषण एकदम कोसळतं, लाल प्रकाश जवळपास मोकळा सुटतो. तुमच्या स्मार्टवॉचच्या पोटाला हिरवे दिवे असतात ते याचसाठी, प्रत्येक ठोक्याला रक्त वाढलं की परत येणारा हिरवा उजेड कमी होतो आणि घड्याळ ते मोजतं. दुसरं रंगद्रव्य मेलॅनिन, त्याला शिखरं नाहीत, निळ्याकडे भरपूर शोषण आणि लालकडे जाताना हळूहळू उतार.

तिसरी गोष्ट शोषणाची नाही, विखुरण्याची. लाल प्रकाश कातडीत खोल शिरतो, आत इकडे तिकडे भटकतो आणि शिरला त्यापेक्षा थोडा लांबून बाहेर पडतो. निळा वरच्यावरच परत फिरतो किंवा शोषला जातो. म्हणजे लाल चॅनलमधला, फक्त लाल आकडे घेऊन केलेला चेहरा हा कातडीच्या आतून झिरपलेल्या उजेडाचा चेहरा आहे, त्यामुळे बारीक सुरकुत्या, रोमछिद्रं सगळं मऊ होतं. निळ्या चॅनलमधला चेहरा हा वरच्या पापुद्र्याचा चेहरा आहे, तिथे प्रत्येक तीळ, वांग, उन्हाचा डाग, डोळ्याखालचं काळं हे सगळं जास्त गडद आणि जास्त धारदार.

तुमच्याच एखाद्या फोटोवर करून बघा. गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मोनो मिक्सर आहे, फुकट आहे, लाल 1 आणि बाकी 0 करा, मग हिरवा 1, मग निळा 1. गालावरची पुटकुळी लालमध्ये जवळपास नाहीशी होईल, कारण ती लाल का दिसते तर तिथे रक्त जास्त आहे, आणि रक्त जास्त असल्याने जे शोषलं जातंय ते हिरवं आणि निळं, लालला फारसा फरकच पडत नाही. हिरव्यात ती ठसठशीत. निळ्यात तर अख्खा माणूस चार रात्री जागलाय असा दिसतो. हळदीच्या कार्यक्रमाचा फोटो असेल तर अजून मजा, हळदीतलं कर्क्युमिन निळा प्रकाश शोषतं त्यामुळे निळ्या चॅनलमध्ये नवरीच्या गालावर काळे पट्टे ओढलेले दिसतात. तो फोटो तिला पाठवू नका.

आणि कुंकू. कुंकवाचे आकडे समजा 170, 25, 35. लाल चॅनलमध्ये कपाळ 190 आणि कुंकू 170, म्हणजे लाल फिल्टर लावलात की आजींचं कपाळभर कुंकू पुसलं जातं. स्नॅपसीड ॲपच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल फिल्टरचं बटण आहे, चेहरा तुकतुकीत दिसतो म्हणून लोक तेच दाबतात आणि मग ग्रुपवर एखाद्या काकू अस्वस्थ होतात की हा कसला अपशकुन. अहो काकू, काका ठणठणीत आहेत, कुंकू आणि कातडी दोन्ही लाल प्रकाश जवळपास सारखाच परत पाठवतात एवढाच त्याचा अर्थ. हिरव्याकडे मिक्स न्या, कपाळ 140 आणि कुंकू 25, आलं परत, आधीपेक्षा ठळक. फोटोतल्या पिगमेंटवर कोणाचं आयुष्य अवलंबून नसतं.

लाल फिल्टरने 'गोरं' दिसण्याचा जो सोस आहे तोही याच निमित्ताने बघून घ्या. मेलॅनिन लालमध्ये कमी शोषतं, त्याच्याही पलीकडे इन्फ्रारेडजवळ तर अगदी कमी, तिथे सावळी आणि गोरी कातडी यातला फरक खूपच कमी होतो. तुम्ही कोणत्या तरंगलांबीला बघताय यावर जे अवलंबून आहे त्याच्या क्रीम विकल्या जातायत. उलटा प्रकार जुन्या फोटोंत झालाय. फिल्मच्या आधी फोटो काचेवर काढायचे, त्या सुरुवातीच्या काचा फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद द्यायच्या, 1873 मध्ये बर्लिनमध्ये हेरमान फोगेल याने इमल्शनमध्ये, म्हणजे काचेवरच्या प्रकाश टिपणाऱ्या लेपात, रंगद्रव्य मिसळून त्यांना हिरवं दिसायला शिकवलं, पण लाल तरीही दिसत नव्हतं. ही ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म, तीच मूकपटांच्या जमान्यात चालायची, लालही पकडणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म 1920 च्या दशकात रुळली. त्यामुळे त्या काळच्या फोटोंत ओठ काळे, कुंकू काळं आणि गव्हाळ माणूस चांगलाच सावळा. तुमच्या पणजीच्या फोटोवरून तिचा रंग ठरवत असाल तर थांबा, निम्मा रंग फिल्मचा आहे.

मग सरळ निळा-हिरवा मिक्स करून म्हाताऱ्या माणसांचे खरखरीत, सुरकुत्यांचे फोटो करत सुटावं का? इथे कॅमेऱ्याचं पोट आडवं येतं. सेन्सरचा प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो, कारण त्यावर बसवलेल्या जाळीत अर्ध्या खिडक्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात, कोडॅकच्या ब्राइस बेयर यांचं 1976 चं पेटंट. बाकीचे दोन आकडे शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. त्यात बल्बच्या पिवळ्या उजेडात निळा प्रकाश मुळातच कमी, म्हणून कॅमेरा व्हाइट बॅलन्स करताना, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सावरताना, निळ्याला गुणून मोठा करतो आणि सोबत त्याचा नॉइज, म्हणजे दाणेदार खरखरही, मोठी होते. वर जेपीजी करताना उजेड पूर्ण बारकाईने साठवतात पण रंगाची माहिती बहुतेक वेळा दोन्ही दिशांना निम्म्या बारकाईने, म्हणजे एकूण चौथाई. रंगीत फोटोत हे कळत नाही, पण निळा वेगळा काढून त्याचाच फोटो केला की चौकटी आणि दाणे वर येतात. फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोवर तर हा प्रयोग करूच नका.

एक अजून किचकट गोष्ट, डोकं गरगरलं तर हा परिच्छेद सोडून द्या. फोटोतले आकडे उजेडाच्या प्रमाणात नसतात, त्यांना गॅमा नावाचा बाक दिलेला असतो, 128 म्हणजे 255 च्या निम्मा पण उजेड निम्मा नाही, फक्त 22 टक्क्यांच्या आसपास. 29.9-58.7-11.4 हे गॅमा लावलेल्या आकड्यांवर चालतं, आणि नवीन 21.26-71.52-7.22 ही वजनं जेव्हा गॅमा उलटवून सरळ उजेडाच्या आकड्यांवर लावतात तेव्हा भडक रंग वेगळ्याच राखाडीवर उतरतात. दोन ॲपमध्ये एकाच फोटोचे दोन वेगळे ब्लॅक अँड व्हाइट येतात त्याचं एक कारण हे. 'एआय मोनोक्रोम पोर्ट्रेट' म्हणून पैसे मागणाऱ्या ॲपला आधी विचारा की मिक्स मला बदलता येतो का, नसेल येत तर पैसे कशाचे.

कॅंडिड फोटोत हे सगळं जास्त उपयोगी पडतं कारण तिथे आपल्या हातात काहीच नसतं. गडकरी रंगायतनच्या बाहेर रात्री वडापाव खाणाऱ्या मित्राचा फोटो काढलात तर गालाच्या एका बाजूला गाडीवरच्या बल्बचा पिवळा उजेड आणि दुसऱ्या बाजूला दुकानाच्या एलईडीचा निळसर पांढरा, रंगीत फोटोत तो अर्धा काविळीचा पेशंट. व्हाइट बॅलन्स एका बाजूचा नीट केला की दुसरी बिघडते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मात्र तोच फरक कामाला येतो, मिक्स निळ्याकडे सरकवला की एलईडीची बाजू उजळते, लालकडे सरकवला की बल्बची, म्हणजे फोटो काढून झाल्यावर घरी बसून तुम्ही दिव्यांचं बटण कमीजास्त करताय.

यासाठी एकच पथ्य आहे. कॅमेऱ्यात मोनो मोड लावून जेपीजी काढू नका. त्यात तिन्ही आकडे सारखे होऊन साठतात आणि मग मिक्स कितीही हलवा, काही हलत नाही. मोनो मोडमध्ये बघायचंच असेल तर सोबत रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, ठेवा, त्यात तिन्ही रंग शाबूत असतात. लायका कंपनीचा 2012 चा एम मोनोक्रोम कॅमेरा तर सेन्सरवरची रंगीत जाळीच काढून टाकतो, फोटो कमालीचे बारीक येतात, पण फेटा आणि कपाळ वेगळं करायचं असेल तर भिंगावर रंगीत काच आधीच चढवावी लागते, आणि शोभायात्रेच्या गर्दीत काच चढवेपर्यंत आजी निघून गेलेल्या असतात.