ब्रा खरंच जाळल्या होत्या का?

स्त्रीवादाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्या अमेरिकेतल्या ब्रा जाळणाऱ्या बायका!" डोळ्यांसमोर चित्रही तयार असतं: भर चौकात होळी आणि भोवती घोषणा देणाऱ्या बायका. तसं काही घडलं नाही.

७ सप्टेंबर १९६८. अटलांटिक सिटीत 'मिस अमेरिका' स्पर्धेविरुद्ध न्यूयॉर्कच्या स्त्रीवादी गटाने निदर्शनं केली. समुद्रकाठच्या फळ्यांच्या रस्त्यावर एक कचऱ्याचा डबा ठेवला, नाव 'स्वातंत्र्याचा डबा'. त्यात उंच टाचांचे बूट, खोट्या पापण्या, कर्लर, फरशी पुसायचे मॉप, 'प्लेबॉय'चे अंक पडले. ब्राही पडल्या, पण बाकीच्या सामानाबरोबर. एका जिवंत मेंढीला 'मिस अमेरिका' म्हणून मुकुट घातला, तो प्रसंग मात्र कुणाच्या लक्षात राहिला नाही!

मग आग आली कुठून? डबा पेटवायचा विचार होता, पण रस्ता लाकडी, त्यामुळे परवानगी मिळाली नाही, असं आयोजक सांगत आल्या. त्यातच 'न्यूयॉर्क पोस्ट'मधल्या लेखाने या निदर्शनाची तुलना व्हिएतनाम युद्धाविरुद्ध सक्तीच्या लष्करभरतीची कार्डं जाळणाऱ्या तरुणांशी केली. मथळ्यात 'ब्रा जाळणाऱ्या' हा शब्द आला आणि तोच चिकटला.

स्थानिक पेपरातल्या एका बातमीत डब्यात वस्तू जळाल्याचा उल्लेख सापडतो. आयोजकांनी तो कायम नाकारला. घटकाभर धूर निघालाही असेल. पण ब्रा काढून हवेत नाचवत जाळणाऱ्या बायका? त्या फक्त विनोदांतच होत्या.